आधी बुधरीचा मोह

"आधी माह्या झाडाचा मोह वेचजो, मंग तुह्या झाडाचा," बुधरी म्हणाली. "कबूल असन त पोरीले इथी सोड. नाई त घेऊन जाय."

रंभा तिच्या अंगणात उभी होती आणि नऊ वर्षांची सोमारी आईच्या हाताला लोंबकळून हूं हूं करत होती. सोमारीला बोलता येत नसे. विस्तव कुठला न् पाणी कुठलं हे कळत नसे. मधूनच हातपाय ताठ होत आणि असेल तिथे ती कोसळे. अशा पोरीला घरात एकटी टाकून रानात जायचं कसं?

"बाई, मोह पहाटंच पडते. तुमचं झाड वेचतावेचता ऊन डोक्यावर येईन. मंग माह्या झाडाखाली का राहीन? गावची ढोरं साफ करून टाकतीन."

"अन् मी हिच्याजवळ बसली त माह्या झाडाचा मोह कोण वेचन? मले तरी कोण हाये, रंभे?"

बुधरी लबाड नव्हती, हीच खरी पंचाईत होती. लबाड बाईशी चार शब्द भांडून मन तरी मोकळं करता आलं असतं. बुधरी विधवा, रंभाही विधवा, आणि दोघींच्या नावावर एकेक मोहाचं झाड. वाळवलेल्या मोहफुलांवर मीठमिरची यायची, तांदूळ यायचा, पावसाळा निघायचा. रंभा पोरीला ओढत घरी आली.

आजवर सोमारीला सांभाळलं ते रंभाच्या सासूनं. म्हातारी दारात बसून असायची. "हिची सासू नुसती बसून खाते," असं गाव म्हणायचं, आणि खोटं कशाला बोला, मनातून रंभाही म्हणायची. देशात पहिलं मतदान झालं त्या साली बोटाची शाई कौतुकानं साऱ्यांना दाखवून आलेली म्हातारी पुढच्या थंडीत गेली. मग कळलं की ते बसणं म्हणजे केवढं काम होतं. म्हातारीचा पाय पोरीच्या परकराच्या काठावर असायचा, डोळा पोरीवर असायचा, आणि तेवढ्या भरवशावर रंभा रान पालथं घालत होती.

नवरा होता तेव्हा दोघांनी पोरीला बैलगाडीत घालून चांद्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर भला माणूस होता. "हिला कधी एकटं सोडू नका, हेच औषध," म्हणाला. ते औषध कुणाच्या घरून आणायचं, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे आलापल्लीच्या रानात सागाचं लाकूड अंगावर येऊन नवरा गेला.

रंभानं ठरवलं, पोरीलाच झाडाखाली न्यायचं. कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत.

मोहाखालचा पाला आधी जाळून घेतात, म्हणजे झडलेली फुलं साफ जमिनीवर दिसतात. जाणती बाई हे काम चार-सहा दिवस आधी उरकते, कारण जमीन निवायला हवी. रंभाचे ते दिवस बुधरीच्या अंगणात खेटे घालण्यात गेले होते. तिनं पाला जाळला तो आदल्या संध्याकाळी. पहाटे येऊन पायानं चाचपलं तर राख गार लागली. तिनं जुन्या लुगड्याचं एक टोक पोरीच्या कमरेला बांधलं, दुसरं बुंध्याला, आणि मूठभर फुलं तिच्या ओटीत टाकली. पोरगी खुशीत चोखू लागली. तिचं हूं हूं ऐकू येत होतं, तोवर रंभाचे दोन्ही हात भराभर चालत होते. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

हूं हूं थांबलं, ते तिच्या ध्यानात आलं नाही. आधी वास आला.

सोमारी झटका येऊन आडवी झाली होती आणि तिचा डावा हात मुळांच्या बेचक्यातल्या राखेत रुतला होता. वरून पांढरी, गार राख. आत जुनं मूळ धुमसत होतं. झटक्यात पोरीला ओरडताही आलं नाही. दूर पडली असती तर हात वाचला असता, पण लुगड्याच्या गाठीनं तेही होऊ दिलं नाही. रंभानं हात बाहेर ओढला आणि मग तीच ओरडली, शेजारच्या झाडांखालच्या बाया धावत येईपर्यंत ओरडत राहिली. "मीच बांधली वो! माह्या हातानं बांधली!"

वैदूनं पाला वाटून लावला. जीव वाचला, पण तीन बोटं आखडली ती आखडलीच.

चौथ्या दिवशी उजाडायच्या आत रंभा पोरीला पाठीवर घेऊन बुधरीच्या दारात गेली. बुधरीनं हातावरची चिंधी पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

"त्या दिवशी मी हो म्हणाली असती त..."

"तुमचं काई चुकलं नाई, बाई. आधी तुमचं झाड. कबूल."

बुधरीनं पोरीला मांडीवर घेतलं. रंभा टोपली घेऊन निघाली. बुधरीचं झाड नाल्याच्या अलीकडे, तिचं स्वतःचं पलीकडे. जमिनीवर पिवळसर फुलांचा सडा पडला होता. आपल्या झाडाखालीही असाच पडला असेल, हे मनात आलं तसं तिनं घाईनं वाकून वेचायला सुरुवात केली.

ऊन चढलं. पलीकडून गळ्यातल्या लाकडी घंटांचा खडखडाट आला. पाठोपाठ तिकडच्याच झाडाखाली वेचणाऱ्या शकुबाईची हाक आली, "रंभा! तुह्या झाडाखाली ढोरं घुसले वो! धाव!"

रंभा अर्धी उठली. टोपली अजून अर्धीच होती, आणि बुधरीच्या झाडाची निम्मी फुलं खालीच होती.

"खाऊ द्या," ती म्हणाली. एवढ्या हळू की नाल्यापलीकडे ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"काऊन वो, ऐकून नाई राह्यली का?"

"खाऊ द्या!" या वेळी ती ओरडली. मग खाली बसली आणि बुधरीचा मोह वेचू लागली.