गाळलेली ओळ

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे गाळलेली ओळ सहसा माझ्या नजरेतून सुटत नाही. बायकोनं गाळलेली ओळ मात्र मला कानानं सापडली.

आमचा एकुलता मुलगा गोदामातल्या मालाच्या लिफ्टच्या अपघातात गेला. दोर तुटला. दोर झिजल्याचं लिफ्टच्या मेकॅनिकला ठाऊक होतं. पुढच्या खेपेला बदलू म्हणून त्यानं काम ढकललं होतं. चौकशीत त्यानं स्वतःच हे सांगितलं आणि त्याची नोकरी गेली. तो आमच्याच चर्चमधला. शेवटच्या बाकावर बसायचा आणि उपासना संपायच्या आत निघून जायचा.

तेव्हापासून रविवारी सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणू लागले, की 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीला ही गप्प व्हायची. पुढच्या ओळीला पुन्हा आवाज यायचा. एकदा विचारलं तर म्हणाली, "देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलू?" कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी ती ओळ जरा मोठ्यानं म्हणू लागलो, एवढंच.

मग एका रविवारी पाळकांनी सांगितलं, की लिफ्टवाला इस्पितळात आहे, त्याच्याजवळ कुणी नाही, मंडळीतल्या कुणीतरी बघावं. बहुतेकांनी खाली पाहिलं. काहींनी आमच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही स्वयंपाकघरात डबा भरत होती. मुलाचा डबा. झाकणाला पोचा आलेला, गोदामातून त्याच्या चपलांबरोबर परत आलेला. इतके दिवस फळीवर पालथा होता.

"दुसरा डबा नाही का घरात?"

"आहेत की. पण यातून सांडत नाही."

"अगं, पण आपणच जायला हवं असं कुठं आहे?"

"तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. कशात आपल्याला सूट दिलेली असली तर दाखवा, मी आनंदानं घरी बसते."

मी चपला घातल्या.

वॉर्डात तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. हिला पाहून उठायची धडपड करू लागला.

"काकू, तुम्ही कशाला..."

"मीठ कमी घातलंय. चालतंय ना?"

"काकू, तो दोर मी त्याच दिवशी..."

"ते ऐकायला नाही आले. जेव."

चमच्यातला घास तोंडापर्यंत पोचायच्या आत पांघरुणावर सांडला. हिनं चमचा काढून घेतला आणि भरवू लागली. मायेनं नाही; ओठ घट्ट मिटून, राहिलेलं काम उरकावं तशी. तो रडायला लागला, की गिळून होईपर्यंत थांबायची आणि पुढचा घास पुढे करायची.

मी दाराशीच होतो. आत जाणार होतो, खरंच. पण ते पोचा आलेलं झाकण त्याच्या पांघरुणावर दिसलं आणि पाय उचलेना.

परतताना मी हळूच विचारलं, "केलीस क्षमा?"

"मला काय माहीत? डबा दिला. राग होता तिथंच आहे." रिकामा डबा दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "राग जायची वाट बघत बसले तर तो उपाशी राहील. वैरी भुकेला असला तर जेवू घाल, असं शास्त्रात सांगितलंय; तेवढं करते. उरलेलं ज्यानं सांगितलं त्यानं बघावं."

घरी येऊन डबा घासायला घेतला आणि नळ तसाच वाहता ठेवून कितीतरी वेळ रडत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला. आठवडाभर रोज. मी रोज दारापर्यंत.

रविवारी ती ओळ आली. शेजारून हिचा आवाज आला, घोगरा, पण अखंड. मी तोंड उघडलं. इतके दिवस घडाघडा म्हटलेली ओळ, आणि घशातून आवाजच निघेना. ती मला नुसती पाठ होती.

हिनं माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त उरलेले शब्द जरा मोठ्यानं म्हटले.