सुंदररावांची चढाई

या माउली, टाळ जरा खाली ठेवा आणि जवळ सरका. बुवांना यायला अवकाश आहे. तोवर एका भल्या माणसाचं सांगतो.

"गहिनी, कुठवर आला बे आपला मोबाइलवरचा खेळ?" ओट्यावरून सुंदररावांनी विचारलं. नुसत्या चपलांच्या आवाजावरून त्यांनी माणूस ओळखला होता.

"इंजिन बदलायलोय, अण्णा."

"पुन्हा?"

"आधीच्यात माणसं लई ताठ पळत्यात. ह्या नव्यात अंगावरचा घामसुदिक दिसतो."

"मग आपल्या बोअरवानीच की. इंजिन नवं, पाणी न्हाई."

आत राखेनं कोरडीच भांडी पुसणाऱ्या त्यांच्या पत्नी केसरबाई हसल्या.

गहिनीनाथ माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात संगणकावर उसाच्या नोंदी करी. दुष्काळात ऊस वाळला, गाळप थांबलं आणि तो निम्म्या पगारावर रिकामा झाला. त्या रिकामपणात त्याला मोबाइलवरचा एक खेळ सुचला. त्यात आपण कबड्डी खेळायची नाही, संघ चालवायचा. चढाईला कुणाला धाडायचं, पकडीला कुणाला ठेवायचं ते आपण ठरवायचं. निकाल लागायचा खेळाडूंच्या आकड्यांवरून. संघ घेतला कारखान्याचाच, कधीच मोडलेला. सुंदरराव त्याचे कप्तान. शहादेवाची पकड कशी, धुळाजीचा दम किती, सारं त्यांनी हौसेनं सांगितलं. बदल्यात एवढंच मागितलं, "माझी एक चढाई पुन्हा होऊ दे."

आकडे एक्सेलात भरून झाले होते. पायथन या संगणकाच्या साध्या भाषेत हिशेब मांडला असता, तर अख्खा सामना ओळीओळीनं लिहून आला असता. पण गहिनीनाथला हलती चित्रं हवी होती, आणि त्यासाठी इंजिन, म्हणजे खेळ बनवायचं तयार सॉफ्टवेअर लागतं. एक इंजिन त्याच्या जुन्या संगणकाला पेलेना, दुसऱ्यात धूळ उडेना, तिसऱ्याचे धडे बघण्यातच महिना गेला. पखवाजाला कणीक लावत बसावं आणि बाहेर आरती होऊन जावी, तसं चाललं होतं.

काचबिंदूनं सुंदररावांचे दोन्ही डोळे गेले होते. गावाला ठाऊक होतं. गहिनीनाथलाही ठाऊक होतं.

एकदा ते म्हणालेही, "तू नुसतं वाचून दाखवलं तरी चालंल की."

"तसं लई गावठी वाटतं, अण्णा. लोक हसतील."

"बरं," सुंदरराव म्हणाले आणि गुडघ्यावरचं धोतर सारखं करत राहिले.

श्रावण कोरडाच सरत आला. पोळ्याच्या आधी सुंदरराव तापानं अंथरुणाला खिळले आणि त्यातच गेले.

तेरावं झाल्यावर गहिनीनाथनं सगळी इंजिनं काढून टाकली. एका दुपारी साधा हिशेब लिहिला आणि संगणक काखेत मारून तो केसरबाईंच्या ओट्यावर जाऊन बसला.

"वाचू का, काकू?"

"वाच."

"सुंदरराव चढाईला. समोर पाटोद्याचा संघ. उजव्या कोपऱ्याला हात लावला. मागं फिरले. दोघांनी कंबर धरली." तो थांबला. "एवढं तर मला तवाच वाचता आलं असतं."

केसरबाईंनी त्याला दोष दिला नाही. म्हणाल्या, "तुझ्या चपला वाजल्या की ते उठून बसायचे."

गहिनीनाथनं मान खाली घातली. केसरबाईंनीच पुढं विचारलं, "मग सुटले का ते?"

"ते पुढचं बटण दाबल्यावर कळतं."

"दम हाय ना अजून?"

"हाय."

"मग नको दाबू. असू दे तसंच."

त्यानं हळूच संगणक मिटला. ओट्यावर अण्णांची काठी भिंतीला टेकलेली होती. उठताना तिला धक्का लागू नये म्हणून तो अंग चोरून उतरला.

तर माउली, बुवा आले बघा, वीणा उभी राहील आता. नाम घेता घेता मध्ये श्वास घ्याल, तेव्हा एवढं करा. सुंदररावांना आठवा. ते अजून रेषेच्या पलीकडेच आहेत.