नगराध्यक्षांच्या डोक्यावर बसलेला शंकू

मित्रांनो, रस्ता खोदलेला असला की त्याच्या कडेला एक नारिंगी शंकू उभा असतो. पोटावर पांढरा पट्टा, बूड काळे. तुम्ही त्याला वळसा घालता आणि पुढच्या वळणावर त्याला विसरूनही जाता. मी तसाच एक. आता म्हातारा झालो आहे. रंग विटला, पट्ट्याची चमक गेली आणि टोकाला एक चीर पडली. तरी माझी काही तक्रार नाही. माझ्यासारख्याच्या वाट्याला सहसा येत नाही एवढी माया मला मिळाली, आणि तिचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. अंग जुने प्लॅस्टिकचे नळ वितळवून केलेले, बूड फाटक्या टायरांचे. आम्ही भावंडे एकात एक बसून ट्रकमधून स्कॉटलंडला आलो आणि समुद्रकाठच्या ड्रमवेरी गावात पाण्याची कामे करणाऱ्या लोकांकडे मी नोकरीला लागलो. डूगी नावाचा मुकादम मला जागेवर ठेवायचा आणि डोक्यावर टपली मारून म्हणायचा, "उभा राहा रे बाबा." मग मी उभा. पाऊस, गारा, खारा वारा सगळे अंगावर घेतले. कुत्र्यांनी माझा काय काय उपयोग केला, ते सांगत नाही. पण माझ्या पहाऱ्यात कोणी खड्ड्यात पडले नाही आणि तेवढ्यावर मी सुखी होतो.

ड्रमवेरीच्या चौकात एका जुन्या नगराध्यक्षांचा दगडी पुतळा आहे. मोठ्या मिशा, हातात काठी, चेहरा साऱ्या गावावर रुसल्यासारखा. गावात आनंदाचे काही झाले, फुटबॉलचा सामना जिंकला किंवा परीक्षा संपली, की कोणीतरी पुतळ्यावर चढते आणि त्यांच्या डोक्यावर माझा एखादा भाऊबंद टोपीसारखा घालते. नगरपालिका तो उतरवते, लोक पुन्हा चढवतात. आजोबांनीही हेच केलेले असते आणि बापानेही. ही चोरी आहे, असे त्या गावात कोणाच्या मनातही येत नाही.

जूनमधल्या जत्रेचा दिवस होता. जेवणे आटोपली तरी आकाशात लख्ख उजेड होता. तिकडे जूनमध्ये सूर्य मावळायचे नाव घेत नाही. मी चौकाजवळच्या फुटपाथवर, झाकण तुटलेल्या एका खड्ड्यावर उभा होतो. खड्डा लहान होता, माझ्या बुडाने पुरता झाकला जाई. तेवढ्यात शाळेची शेवटची परीक्षा संपलेली मुले गात गात आली. त्यांत मॉर्व्हन होती. बेकरीत काम करणाऱ्या शोनाची ही एकुलती एक मुलगी. डॉक्टर व्हायचे तिने लहानपणीच डोक्यात घेतले होते.

"तुला नाही जमायचं," तिचा मित्र फिनले म्हणाला. "डॉक्टरीणबाईंना खुर्चीवर चढताना चक्कर येते."

"माझं जॅकेट धर," ती म्हणाली आणि तिने मला उचलले. तिची मान मागे मित्रांकडे होती, ती हसत होती. माझ्याखाली काय आहे, ते तिने पाहिलेच नाही.

मी नगराध्यक्षांच्या डोक्यावर बसलो. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, फोटो निघाले. आयुष्यात एवढे कौतुक मला कधी मिळाले नव्हते. पण मित्रांनो, त्या उंचीवरून मला माझी मोकळी जागाही दिसत होती. आणि तिकडून मासे आणि बटाट्याच्या कापांचा गरम पुडा छातीशी धरून इझोबेल गिल्क्रिस्टबाई चालत येत होत्या. त्या गावच्या निवृत्त पोस्टमास्तरीण. मला हाक मारता आली असती तर मी जिवाच्या आकांताने मारली असती.

त्यांचा पाय खड्ड्यात गेला आणि किंकाळी चौकापर्यंत आली. मुले क्षणभर थिजली आणि मग पांगली. फिनलेही पळाला. मॉर्व्हन तेवढी पुतळ्यावरून उडी मारून उलट्या दिशेने, आवाजाकडे धावली. बाईंचे मनगट मोडले होते. तिने त्यांचे डोके आपल्या मांडीवर घेतले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ती त्यांच्याशी बोलत राहिली. पोलीस आले, तेव्हा कोणी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "शंकू मी काढला. मी एकटीनं."

मला पोलिसांनी काठीने खाली पाडले. माझ्या टोकाची चीर तेव्हाची.

न्यायाधीशबाईंनी प्रकरण किरकोळ म्हटले, पण गुन्हा तो गुन्हाच. निष्काळजीपणाने दुसऱ्याला इजा केल्याचा ठपका मॉर्व्हनच्या नावावर बसला आणि समुद्रकाठचे गंजलेले कठडे बिनपगारी रंगवायची शिक्षा झाली. मी पुरावा म्हणून पोलिसांच्या कपाटात धूळ खात पडलो. खटला संपला तरी मला न्यायला कोणी आले नाही. एका शंकूसाठी कोण खेपा घालणार? माझी रवानगी कचऱ्यात ठरली होती. तेवढ्यात गळ्यात हात बांधलेल्या गिल्क्रिस्टबाई पोलीस ठाण्यात आल्या.

"तो शंकू मला द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या मागच्या दाराची पायरी फुटली आहे. गवंडी येतो येतो म्हणतो आणि येत नाही. निदान हा तरी उभा राहील."

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला फुटक्या पायरीवर उभे केले आणि मी पुन्हा कामाला लागलो.

तिथेच मॉर्व्हन पहिल्यांदा फुले घेऊन आली. मला पाहताच तिचे पाय अडखळले.

"फुलं कशाला?" बाई म्हणाल्या. "माझा एक हात निकामी आहे आणि बटाटे सोलायचे आहेत. ये आत. शंकूला वळसा घालून ये, तुला त्याची सवय नाही म्हणा."

मॉर्व्हनने मान खाली घालून बटाटे सोलले. बाईंचा हात बरा झाला तरी ती येतच राहिली. स्वयंपाकघराचे दार उघडे असे आणि आतले सगळे मला ऐकू येई.

मग डॉक्टरीच्या अर्जाची वेळ आली. आजवर कधी शिक्षा झाली आहे का, कितीही लहान असो, असा त्यात प्रश्न होता. शोना केक घेऊन बाईंकडे आली, पण तिचे मन केकवर नव्हते.

"तुम्ही तरी समजवा हिला," ती म्हणाली. "सगळं गाव तो शंकू चढवतं. एका मस्करीपायी पोरीचं आयुष्य वाया घालवायचं? गप्प बसली तर कोण विचारायला येणार आहे?"

"आई, ते पोलिसांकडून तपासून घेतात," मॉर्व्हन म्हणाली. "आणि घेत नसते, तरी मी लिहिलं असतं."

"शोना," बाईंनी विचारले, "त्या दिवशी बाकीच्या पोरांबरोबर हिनंही पळून जायला हवं होतं का?"

शोनाने केक कापला आणि सगळ्यात मोठा तुकडा लेकीच्या पुढ्यात ठेवला.

मॉर्व्हनने खरे लिहिले. एकामागून एक महाविद्यालयांनी नकार कळवला. कारण कोणी दिले नाही, पण त्या घरात ते कोणाला विचारायची गरज नव्हती. मुलगी वाळली, तिच्या हातून बटाट्यांची साले जाड निघू लागली. शेवटी उरलेल्या एका महाविद्यालयाने मुलाखतीला बोलावले. हे दार बंद झाले की सगळे संपले.

"मी तुझी मुलाखत घेणारी," बाई टेबलापलीकडे बसत म्हणाल्या. "सांग, काय झालं होतं?"

मॉर्व्हनने सांगितले. पुतळ्याच्या मिशा, शिट्ट्या, आपली चक्कर, सगळे तिने इतके रंगवले की बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी डोळे पुसले.

"छान हसवलंस. आता मला सांग, खड्डा कुठे गेला?"

मॉर्व्हनने उघड्या दारातून माझ्याकडे पाहिले.

"हे असंच सांगितलंस तर तेही हसतील, पोरी. त्यांनीही कधीतरी असे शंकू पळवलेले असतील. तुला वाटेल, सुटले. पण मी तुझ्या गोष्टीत कुठेच नाही."

मॉर्व्हन रडली. मलाही, खरे सांगतो, भरून आले. कारण त्या गोष्टीत मीसुद्धा नव्हतो. होती ती एक गमतीची टोपी.

मुलाखतीहून ती थेट मागच्या दाराशी आली, आणि कोट न काढता माझ्याशेजारी पायरीवर बसली. बाई बाहेर आल्या.

"शंकू म्हणताच ते हसले," ती सांगू लागली. "एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, मी शिकत असताना आमच्या खोलीत तर असे तीन होते. सगळं हलकं झालं होतं. तिथेच थांबावंसं फार वाटलं मला."

"मग?"

"मी म्हटलं, सर, तो शंकू रिकामा उभा नव्हता. तो एका खड्ड्यावर उभा होता. मी खाली बघितलं नाही आणि एका बाईंचं मनगट मोडलं. त्यांना अजून बरणीचं झाकण उघडता येत नाही." तिने नाक ओढले. "मग कोणी हसलं नाही. गेलं बहुतेक."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तोच मोडलेला हात. मित्रांनो, इतकी वर्षे मी रस्त्यावर काढली, पण मी कशासाठी उभा होतो हे परक्या माणसांना कोणी सांगितल्याचे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्यानंतर एका वेगळ्या समितीने तिला पुन्हा बोलावले, खोदून खोदून विचारले. न्यायालयाचे कागद मागितले. हिवाळा सरत आला. आणि एका सकाळी मॉर्व्हन हातात फोन घेऊन गल्लीतून धावत आली. तिने तो बाईंपुढे धरला. बाईंनी फोन चष्म्याजवळ नेऊन वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या, "घेतलं की तुला. आता निदान एक बरणी तरी उघडून दे." शोना बेकरीतला एप्रन न सोडताच आली आणि दारात उभी राहून रडली.

संध्याकाळी फाटकाशी गलका झाला. फिनले आणि सगळी मंडळी आली होती. एवढा आनंद गावात झाला की काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

"मॉर्व्हन, नगराध्यक्षांचं डोकं उघडं पडलंय," फिनले म्हणाला. "आज तुझ्याच शंकूचा मान. चल, मी चढतो, तू जॅकेट धर." त्याने मला हात घातला.

मित्रांनो, वस्तू कोणाचीही असो, ती उचलण्यापूर्वी एकदा तिच्या खाली काय आहे ते बघा. आमच्यासारख्यांना टाळ्या नकोत, जागा हवी. एवढीच माझी विनंती आहे, आणि ती मला तोंडाने करता येत नाही. त्या संध्याकाळी ती माझ्या वतीने दुसऱ्या कोणी तरी केली.

मॉर्व्हनने फिनलेचा हात हळूच बाजूला केला. मला फुटक्या पायरीवर नीट बसवले आणि डोक्यावर एक टपली मारली.

"याला नको," ती म्हणाली. "हा कामावर आहे."