बेंबीतला जोर

हुकूम तुमचा होता, साहेब. प्रत्येक शाळेनं मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ उभा करायचा, असं तुम्हीच फर्मावलंत. एक लाकडी दांडकं, थोडे चेंडू आणि शिवण उसवलेले हातमोजे पाठवलेत आणि हात झटकून मोकळे झालात. पोरींच्या अंगात ताकद कुठून यायची, त्यांनी खायचं काय, मोडल्या तर सांधायचं कुणी, याबद्दल तुमच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. ते सगळं तुम्ही सुबराव मास्तरांच्या गळ्यात टाकलंत.

वडगावच्या शाळेमागच्या मोकळ्या जागेत मास्तर ओरडत होते.

"हातानं नको गं फेकू तानी! बेंबीनं फेक!"

"बेंबीला बोटं असत्यात व्हय सर?"

पोरी फिदीफिदी हसल्या. मास्तरही हसले, पण लगेच तोंड आवळून म्हणाले, "हस. मारणारीनं चेंडू पार टिळकवाडीत धाडला म्हंजे कळंल."

मास्तर तालमीत वाढलेले. सॉफ्टबॉल हा शब्दच त्यांनी एकोणऐंशी साली तुमच्या हुकमात पहिल्यांदा ऐकला. पण गडी धोबीपछाड मारतो तो हातानं नव्हे, कमरेनं, एवढं त्यांना ठाऊक होतं. हात गरकन फिरवून खालून चेंडू सोडायचा, तर जोर पायातून उठून पोटातून वर यायला हवा. नाहीतर हात म्हणजे नुसती दोरी.

तानीचा हात मात्र दोरी नव्हता. बाप यल्लाप्पा मागावर लुगडी विणायचा. आई बायाक्का आणि तानी त्याच्यासाठी कांड्या भरायच्या, म्हणजे जमिनीवर बसून उजव्या हातानं रहाट फिरवायचा आणि सूत कांडीवर गुंडाळायचं. कळायला लागल्यापासून तो हात गोल फिरत आलेला. हातात चेंडू दिला तर मारणारीला तो दिसेना! पण वाकून वाकून कंबर पोकळ झालेली. थोडे चेंडू टाकले की धड ढिलं पडायचं आणि चेंडू भरकटायचा.

मग मास्तरांनी तिच्यापुरती तालीमच मांडली. पहाटे बैठका. उताणं पडून पाय आणि खांदे अधांतरी धरायचे, पोट थरथरलं तरी सोडायचे नाहीत. वाळूची पिशवी छातीशी धरून कमरेतून वळायचं. येळ्ळूरच्या वाटेवरचा चढ पळत जायचं. दिवाळीपर्यंत तानीचा चेंडू हातमोज्यात असा वाजू लागला, की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची.

तालमीतल्या गड्याला जोर काढल्यावर दूध मिळतं, अंग रगडून मिळतं, दुपारची झोप मिळते. तानीला मिळायची भाकरी, आमटीचं पाणी आणि पुन्हा रहाट. मास्तर तिच्या घरी गेले.

"बायाक्का, पोरीला दुपारचं जरा आडवं पडू द्या. राज्याच्या संघाची निवड होस्तवर तरी."

"आन् कांड्या कोण भरंल? तुमचा साहेब येतोय व्हय रहाटाला बसाय?"

असं फटकारलं खरं, पण दुसऱ्या दिवसापासून तानीच्या डब्यात मूठभर शेंगदाणे दिसू लागले. बायाक्कालाही कळत होतं. निवड झाली तर बेंगळूरचं वसतिगृह, दोन्ही वेळचं पोटभर जेवण, पुढची शाळा. नाही झाली तर चंदगडकडचं एक स्थळ बसलेलंच होतं दबा धरून.

निवडीच्या आदल्या दिवशी तानी रहाटावरून उठायला गेली आणि कमरेत लचक भरली. सरळच होता येईना. बायाक्का तिला तशीच वाकलेली धरून मास्तरांच्या दारात घेऊन आली.

"सर, तुमी पायाळू. पाय लावा हिला."

मास्तर जन्मले ते आधी पाय बाहेर येऊन. अशा माणसाचा पाय लागला की लचक उतरते, ही इकडची समजूत. गावातली अर्धी माणसं त्यांच्यापुढं पाठ करून उभी राहून गेलेली.

"बायाक्का, ही साधी लचक न्हाय. डाक्टरला दावा. पडून ऱ्हायला पायजे हिनं."

"उद्या निवड हाय सर. डाक्टर म्हनंल पडून ऱ्हा. मग?"

तानी भिंतीला धरून मास्तरांकडं बघत होती. त्यांच्यातला कसरत शिकवणारा माणूस मागं हटला आणि पायाळू पुढं सरला. तानी पाठमोरी उभी राहिली. मास्तरांनी पाय तिच्या कमरेला टेकवला आणि दाब दिला.

"कसं वाटतंय?"

"मोकळं वाटतंय सर."

पोरगी खोटं बोलली. ते मास्तरांना कळलं, आणि त्यांनी ते खरं धरलं.

टिळकवाडीच्या मैदानावर तुम्ही सावलीत बसला होता, साहेब. पहिली मारणारी तानीनं तशीच परत पाठवली, दुसरीही. "छलो हाकताळ," चांगली टाकते, असं शेजारच्याला कानडीत तुम्हीच म्हणालात. पुढच्या चेंडूला हात फिरला, पण पोटानं साथ दिली नाही. चेंडू तिच्याच पायाशी पडला आणि त्याच्यावर ती. पाय हलेनात. मास्तरांनी आणि पोरींनी तिला शाळेच्या बाकावर घालून बाहेर नेलं. बाक फाटकातून जातोय न जातोय, तोवर पुढच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं.

तानी आता भिंत धरून चालते. मांडी घालून बसता येत नाही, म्हणून रहाटही सुटला. चंदगडकडच्यांनी तोंड फिरवलं. बायाक्का मास्तरांना एवढंच म्हणाली, "सर, तुमास्नी बोल न्हाय." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तानीच्या औषधपाण्याच्या पैशांसाठी मास्तर तुमच्या कचेरीत खेटे घालू लागले. दर खेपेला "नाळे बा," उद्या या. अखेर तुम्ही भेटलात, साहेब.

"मॅचमध्ये लागलं असतं तर बघता आलं असतं, मास्तर. निवड म्हणजे मॅच नव्हे. त्याला तरतूद नाही."

"मग मैदानात काय बारसं हुतं व्हय?"

"आवाज खाली. बसा आधी."

शिपायानं खुर्ची पुढं ओढली. मास्तरांनी ती मागं सारली.

"पोरगीला बसाय येत न्हाय, मी कसा बसू? मी पाय लावला, ते पाप माझं. ते मी मरंस्तवर वागवीन. पर तुमी हुकूम काढला, तवा ह्या पोरी काय खात्यात, घरात काय वडत्यात, ह्याचा इचार कुणी करायचा हुता? माणूस आसंल की त्यो. नाव सांगा साहेब त्याचं. मी हितंच उभा हाय."