आमेन म्हणेपर्यंत

मित्रांनो, मुंगीच्या पहिल्या पत्राला त्या घरातून उत्तर गेले नाही. ते पत्र माझ्यावरच पडून होते, उघडे, वर पवित्र शास्त्राचे जाड पुस्तक दाबून ठेवलेले. उत्तर का गेले नाही हे मला ठाऊक आहे. तरीही सांगावे की नाही, हे मी बराच काळ मनाशी घोळवत होतो. मी काही फार शहाणा नाही. मी एक जुना बाक आहे, टणक लाकडाचा, आठ माणसे दाटीवाटीने बसतील एवढा लांब. एका बाकाने लोकांच्या घरातले किती सांगावे? पण जे कानावर पडले ते पडले. पडलेच नाही असे मला म्हणता येत नाही.

मला घडवणारा सुतार चिडका होता. शिकाऊ माणसांवर ओरडायचा, मात्र रंधा मारताना बेसूर का होईना, गाणी म्हणायचा. त्याने माझ्या कडा हाताने घासून गोल केल्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या मांडीला टोचू नयेत. मग मी प्रार्थनामंदिरात गेलो. तिथले दिवस चांगले होते. उपदेश लांबला की लोक माझ्यावर डुलक्या काढत. मुले खालून पाय हलवत. एका आजीबाईंनी तर पाळकांना तोंडावर सांगितले होते, की तुमच्या उपदेशापेक्षा तुमच्या बाकाने मला जास्त विसावा दिला. पाळक हसले होते. मी मात्र ते खरे धरून बसलो.

पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि आम्हाला मागच्या अंगणात उन्हापावसात टाकण्यात आले. माझ्या शेजारचा बाक सरपणाला गेला. मीही गेलोच असतो, पण मंडळीतला बेकरीवाला आला, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “हा मला द्या. माझ्या घरी उपासनेला होईल.” मला जन्म पुन्हा मिळाला असे वाटले.

बेकरीच्या मागे त्याचे घर होते. भिंतीपलीकडे भट्टी असल्यामुळे खोली नेहमी उबदार असे आणि सगळ्याच वस्तूंवर पिठाचा एक पातळ थर बसलेला असे. मला खिडकीला लागून ठेवले. घरात बेकरीवाला, त्याची बायको, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. धाकटी सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे न्यायची, म्हणून बापाने तिचे नाव मुंगी पाडले होते.

रोज संध्याकाळी दुकान बंद झाले की चौघेही माझ्यासमोर गुडघे टेकत, कोपरे माझ्यावर ठेवत आणि चेहरा ओंजळीत लपवत. मुंगीची कोपरे माझ्यापर्यंत पोचत नव्हती, तेव्हा बाप तिच्या गुडघ्यांखाली पिठाची रिकामी पोती घडी करून घालायचा. तो वाईट माणूस होता असे मी म्हणणार नाही. तिला खोकला झाला तर तो तिला खांद्यावर घेऊन रात्रभर भट्टीच्या उबेला उभा राहायचा. लहान लेकरावर माया करणे त्याला छान जमायचे.

पण त्या घराची एक रीत होती. तिथे कोणी कोणाला रागावत नसे. जे काही बोलायचे ते प्रार्थनेत, देवाला सांगितले जाई.

“हे प्रभू,” बेकरीवाला डोळे मिटून म्हणायचा, “आज पावांची एक अख्खी चळत करपली. करपवणारा इथेच गुडघे टेकून आहे.” थोरला खाली घातलेली मान आणखी खाली घालायचा. “हे प्रभू, आज कोणीतरी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी दात काढत होतं. तू तिचं नाव जाणतोस.” माझ्या लाकडात मुंगीचा दाबलेला श्वास शिरायचा. आधी मला वाटे, की ती रडते आहे. पुष्कळ वेळा ती हसू दाबत असायची.

मित्रांनो, ओरडणाऱ्या बापाला मुले उलट बोलू शकतात. देवाशी बोलणाऱ्या बापाला मध्येच तोडायचे कसे? आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचे असे. आमेन म्हणजे तसेच होवो. जो म्हणणार नाही त्याच्यासाठी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. थोरल्याला एकेकाळी रेल्वेचे इंजिन चालवायचे होते. एका संध्याकाळी त्या इच्छेवर प्रार्थना झाली, थोरल्याने आमेन म्हटले आणि विषय संपला. आता तो भट्टी चालवतो. बोलतो कमी, खातो जास्त.

मुंगी मोठी झाली. पिठाचे ससे, कासवे, माणसांची तोंडे असे काहीबाही करण्यात तिचा हात बसला होता. एकदा दाताचा डॉक्टर पाव घ्यायला आला, काउंटरवरची तोंडे पाहून थबकला आणि म्हणाला, की ही बोटे कवळ्या बनवायला हवीत. दुसऱ्या शहरात एक बाई कवळ्यांचा कारखाना चालवत होती, मुली शिकायला ठेवून घेत होती. मुंगीने गुपचूप अर्ज केला. जागा मिळाली. तिने ते फक्त आईला सांगितले, माझ्यावर बसून, कानात. आईने तिच्या गळ्याची शपथ घेतली, की कोणाला कळणार नाही.

आईने शब्द मोडला असे मला वाटत नाही, निदान तिला तरी तसे वाटले नाही. तिने महिला सभेत फक्त एक प्रार्थनेचा विषय दिला. ‘माझ्या मुलीला योग्य मार्ग दिसावा.’ बायकांनी विचारले, कसला मार्ग? विषय नीट कळल्याशिवाय प्रार्थना कशी करायची? मग आईने सांगितले. रविवारपर्यंत सगळी मंडळी मुंगीसाठी डोळे मिटून बसली होती, आणि बापाला ही बातमी पाळकांनी ब्रेड घेताना दिली.

त्या संध्याकाळी बेकरीवाला आवाज चढवून बोलला नाही. “हे प्रभू, तू माणसाला खरे दात दिलेस. माझी मुलगी खोटे करायला निघाली आहे. तिने हा विचार सोडला आहे, त्याबद्दल मी आताच तुझे उपकार मानतो.” आणि तो थांबला.

आई आमेन म्हणाली. थोरला म्हणाला. मुंगी बोलली नाही.

बापाने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबला. पलीकडे दुसऱ्या दिवसाचे पीठ मळून ठेवले होते. ते फुगून टबाच्या कडेवरून सांडायला लागल्याचा आंबूस वास आला, पण उठायची थोरल्याची हिंमत झाली नाही. आईची ढोपरे आधीच धरलेली. ती पुटपुटली, “म्हण गं बाई. एक शब्द तर आहे. माझे गुडघे गेले.”

“तू उठ ना आई,” मुंगी हळूच म्हणाली. “तुला कोणी धरलंय?”

आई उठली नाही. बापाने तिसऱ्यांदा सुरुवात केली. तेव्हा मुंगीनेच तोंडावरचे हात काढले. “हे प्रभू,” ती म्हणाली, “मी शनिवारी जाणार आहे. पप्पांनाही हे कळू दे. आमेन.” आणि उभी राहिली. कोणाच्याही तोंडून तसेच होवो निघाले नाही.

शनिवारी ती गेली. बाप भट्टीसमोरून हलला नाही. आईने पाव बांधून दिले, तेही शिळे, कारण ताज्याला हात लावायची परवानगी नव्हती.

मग तिचे पत्र आले. खोली चांगली आहे, कवळीच्या साच्यासाठी मेण कोरायला शिकते आहे, बाई कडक आहे पण जेवू घालते. खाली लिहिले होते, ‘मला घरातून काही नको. पप्पा, एकदा फक्त आशीर्वाद लिहून पाठवा.’

बेकरीवाल्याने ते पत्र प्रार्थनेत मोठ्याने वाचले. त्याने उत्तरही दिले, पण तिला नाही, देवाला दिले. “प्रभू, तिचा मार्ग बंद कर. लागलं तर तिला मोड, पण परत आण.”

आई आमेन म्हणाली. पोरीच्या वाइटासाठी नव्हे. तिच्या मनाने फक्त शेवटचे दोन शब्द ऐकले होते. मी शपथेवर सांगतो, की त्या आमेनात माझ्या अंगावर आजवर पडलेल्या सगळ्या शब्दांपेक्षा जास्त माया होती. पुढे ती रोज म्हणत राहिली. मुंगीची आणखी पत्रे आली, तीही पहिल्या पत्रावर जाऊन पडली. रोज तीच मागणी, रोज तेच आमेन. शब्द इतके गुळगुळीत झाले, की त्यातला ‘मोड’ हा शब्द कोणाला टोचेना.

मग एके दिवशी दुकानात फोन वाजला. थोरल्याने घेतला. तो आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पिठापेक्षा पांढरे काहीतरी होते. काही दिवसांपूर्वी कवळ्यांना पॉलिश करायच्या मोटरीत मुंगीचा उजवा हात ओढला गेला होता. दोन बोटे गेली.

बेकरीवाला तिथेच गुडघ्यांवर आला. त्याची कोपरे माझ्यावर आदळली. “प्रभू, तू ऐकलंस,” तो म्हणाला आणि रडायला लागला. त्याचे अश्रू माझ्यावर पडले म्हणून सांगतो, ते आनंदाचे होते. “तू ऐकलंस. मी तुझे उपकार मानतो.”

थोरला दारातच उभा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो प्रार्थनेच्या मध्ये बोलला. “पप्पा, बाई पुढे म्हणाल्या, की जागा ठेवणार आहेत. मुंगीने डाव्या हाताने मेण कोरायला घेतलंय. फक्त तिला घाबरायला होतं, घरून कोणी दोन शब्द लिहा म्हणाल्या.”

“लिहितो ना,” बाप डोळे पुसत म्हणाला. “आता लिहितो.”

आणि तो माझ्यावरच कागद ठेवून लिहायला बसला. लिहून झाल्यावर त्याने ते बायकोला वाचून दाखवले. ‘प्रिय मुंगी, आम्ही पहिल्या दिवसापासून देवाकडे मागत होतो, की लागलं तर तिला मोड पण परत आण. त्याने ऐकले. आता हट्ट सोड आणि ये. गल्ला सांभाळायला एक हात पुरतो. तुझी आईही रोज आमेन म्हणत होती.’

खाली थोडी जागा ठेवली होती. “तू पण लिही काहीतरी,” तो म्हणाला, “आणि पेटीत टाकून ये. मी भट्टीचं बघतो.”

आई माझ्यासमोर बसली. गुडघे टेकून नव्हे, त्या दिवशी ती जमिनीवर मांडी घालून बसली.  ती वरच्या ओळींवरून बोट फिरवत होती, जसे धान्यातले खडे शोधतात तसे. मग तिने पेन्सिल घेतली आणि एवढे दाबून लिहिले, की अक्षरे कागदातून माझ्या लाकडात उतरली. ती आजही आहेत. ‘वरचे सगळे नीट वाच. मग येऊ नकोस. तुझी आई.’

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात: तेलपाणी करा, वाळवीपासून जपा. मला ते नको. माझे काय, सरपण होणे माझ्या नशिबातून एकदा टळले आहे, दुसऱ्यांदा टळले नाही तरी चालेल. तुम्ही उद्या आईबाप व्हाल. तुमचे लेकरू माझ्यासारख्या एखाद्या बाकावर तुमच्या शेजारी कोपरे टेकेल, मग एक दिवस उठून उभे राहील. त्याला उठू द्या. आणि देवासमोर त्याचे नाव घेताना काय मागता आहात, ते आधी एकदा डोळे उघडे ठेवून स्वतःला ऐकवा.

आईने पाकीट चिकटवले. बेकरीवाला भट्टीजवळून डोकावला. हात पुसत त्याने विचारले, “काय लिहिलंस?”

“तिने मागितलं होतं ते.”

त्याचे समाधान झाले. तो म्हणाला, “बरं केलंस,” आणि पुन्हा आत गेला.

माझ्या खिडकीतून रस्त्यापलीकडची टपालपेटी दिसते. आई पिठाच्या हातांनीच, चप्पल न घालता रस्ता ओलांडून गेली. पेटीच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली. मग तिने पाकीट आत सरकवले, बोटे आत घालून ते खाली पडल्याची खात्री करून घेतली आणि रिकामा हात बाहेर काढला.