तपासणाऱ्याची सही

जगन्नाथराव पान्यावर पाय देऊन उभे राहिले तेव्हा कुठे चाकाचा शेवटचा नट सैल झाला. गॅरेजच्या आतल्या दारात उभी असलेली आश्लेषा दोन पावलं पुढे आली आणि सासरे खाली उतरल्यावर तिथेच थांबली.

"बाबा, रिपेअर शॉपची अपॉइंटमेंट मी अजून कॅन्सल केलेली नाहीये. तिकडेच नेऊ का?"

"चौतीस वर्षं एसटीच्या बसचे ब्रेक पाहिले मी. ही तर खेळण्यातली गाडी आहे." त्यांनी गाडी जॅकवर उचलली, खाली स्टँड सरकवला आणि दोनदा हलवून पाहिला. "शिकल्यासवरल्या माणसाने हौसेने पाना हातात धरला की असंच होते."

बोलले आणि त्यांनी जीभ चावली. हौसेने पाना धरणारा तो माणूस म्हणजे शंतनू, त्यांचा मुलगा. जानेवारीत एका संध्याकाळी ऑफिसातून आला, बूट काढायला सोफ्यावर बसला, तो उठलाच नाही. एक्केचाळीस वर्षांचा होता. तेव्हा जगन्नाथरावांच्या हातात व्हिसा नव्हता. मुलाचं शेवटचं दर्शन त्यांनी नागपुरात बसून पुतण्याच्या फोनवर घेतलं. आता अमेरिकेत मॉरिसव्हिलला आले होते ते शंतनूनेच हौसेने आधी काढून ठेवलेल्या एप्रिलच्या तिकिटावर.

चहा टाकते, म्हणून आश्लेषा आत गेली.

बाहेर पाइनच्या परागांचा पिवळा थर साऱ्या रस्त्यावर बसला होता. सोसायटीच्या नियमाप्रमाणे घरासमोर गाडी खोलायला मनाई, म्हणून काम गॅरेजमध्ये चाललं होतं. गाडी शंतनूची, आता आश्लेषा चालवायची. पुढच्या उजव्या चाकातून किर्र आवाज येई. एअरपोर्टवरून घरी येतानाच जगन्नाथरावांनी निदान करून टाकलं होतं की ब्रेकचे पॅड चुकीचे बसले आहेत. ब्रेक न दाबताही आवाज येतो, असं आश्लेषाने तेव्हाच सांगितलं होतं. डेपोतला एखादा ड्रायव्हर हे बोलला असता तर फोरमन जगन्नाथराव देवतळ्यांनी कान टवकारले असते. नुसत्या आवाजावरून बसचं दुखणं ओळखणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. पण इथे त्यांना कान द्यायची गरजच वाटली नाही, कारण चूक कोणाची ते त्यांनी आधीच ठरवलं होतं.

ऑक्टोबरात, दसऱ्याच्या दिवशी, शंतनूचा फोन आला होता.

"बाबा, आज गाडीचे ब्रेक पॅड मी घरीच बदलले. फोटो पाठवू का?"

"फोटोत काय दिसते? ते तुझं काम नाही. उद्या कोण्या मेकॅनिकला दाखवून घे."

मग "बरं" म्हणून शंतनूने थंडीचा विषय काढला. फोटो आला नाही. पुन्हा कधी दोघांनीही तो विषय काढला नाही.

जगन्नाथरावांनी चाक उतरवलं. लहानपणी हा पोरगा डबा घेऊन डेपोत यायचा आणि घरी जायचं नाव घ्यायचा नाही. पान्याला हात लावला की ते ओरडायचे, हात काळे करायला मी आहे, तू पुस्तक धर. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, हत्यारांना हळदकुंकू लावायला तेवढं त्याला जवळ येऊ देत. त्याने त्यांचं ऐकलं, पुस्तक धरलं आणि पुस्तकांच्या जोरावर इतक्या दूर आला. याचा त्यांना फार अभिमान होता. आज तो अभिमान त्यांना नकोसा झाला होता.

नव्या पॅडचा खोका शेजारी ठेवून त्यांनी पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला, कॅलिपर वर उचलला आणि पॅड बाहेर घेतले. चष्मा वर सरकवून उजेडात धरले. दोन्ही भरपूर जाड, अगदी सारखे झिजलेले. क्लिपा नव्या, जागच्या जागी. पिना बोटाने सहज सरकत होत्या. ग्रीस हवं तिथेच होतं, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर टिपूसही नाही. त्यांनी सगळं पुन्हा पाहिलं. आपल्या मुलाची चूक शोधायला ते इतके वाकले की कंबर भरून आली. चूक सापडली नाही.

मग त्यांनी डिस्क हाताने फिरवली. किर्र.

पॅड त्यांच्या हातात होते आणि आवाज येतच होता. डिस्कच्या मागे पातळ पत्रा होता. त्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून त्यांनी पत्रा किंचित वाकवला. वाटाण्याएवढा खडा टुणकन खाली पडला. डिस्क पुन्हा फिरवली तर आवाज नाही.

आश्लेषा चहा घेऊन आली तेव्हा ते जमिनीवर बसले होते. तळहातावर खडा होता.

"हा अडकला होता," ते म्हणाले.

आश्लेषाने खडा उचलून पाहिला. "आम्ही त्याच्या अस्थी घेऊन तळ्यावर गेलो होतो ना, तिथला रस्ता खडीचा आहे. येताना पहिल्यांदा वाजलं. मी दर रविवारी जाते तिथे." ती जरा थांबली. "मग पॅडचं काय? त्याचं काय चुकलं होतं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"माझ्या डेपोत असं काम करणारे दोन माणसं नव्हते."

हे त्यांनी सहा महिन्यांपूर्वी म्हणायला हवं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. नव्या पॅडचा खोका त्यांनी बाजूला सारला, शंतनूचे पॅड जागेवर बसवले, बोल्ट आवळला आणि फडक्याने कॅलिपरवरची काळी धूळ पुसली. खालून पांढऱ्या रंगातली बारीक अक्षरं वर आली.

काम : शंतनू, दसरा.
तपासले :

पुढची जागा कोरी होती.

"हे काय आहे?" आश्लेषा खाली बसत म्हणाली.

"डेपोत असंच लिहीत. काम करणारा नाव टाकते, अन् खाली..." त्यांनी चष्मा काढला. "खाली फोरमनची सही असते. त्याशिवाय बस रस्त्यावर जात नसे."

एप्रिलचं तिकीट काढताना शंतनूच्या मनात काय होतं, हे त्यांना आता कळलं. त्यांच्या तोंडून एकच हुंदका आला. आश्लेषाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

थोड्या वेळाने ती उठली. भिंतीवर शंतनूचे पाने मापाप्रमाणे ओळीने लावलेले होते. त्याखालच्या खणातून तिने पांढऱ्या रंगाचं पेन आणून त्यांच्या हातात दिलं. हजारो बसवर सही केलेला त्यांचा हात या वेळी दोनदा अडला. शेवटी त्यांनी लिहिलं: ठीक. ज. देवतळे.

"रंग वाळू दे," ते म्हणाले. "मग चाक चढवतो."

दोघं गॅरेजच्या फरशीवर बसून चहा प्यायली. बाहेरचे पराग वाऱ्याबरोबर आत येऊन फरशीवर पसरत होते. रंग केव्हाच वाळला होता. चाक चढवायला मात्र जगन्नाथराव उठले नाहीत, आणि आश्लेषानेही त्यांना आठवण करून दिली नाही.