विरोधकांवर टीका केली

बुरुलचे आईवडील दोघेही बहिरे होते, त्यामुळे तोंडाने बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला शिकली. काराकोल शहरातल्या एका स्थानिक वाहिनीवर, पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्याशा गोलात, ती खुणांच्या भाषेत बातम्या सांगायची. वाहिनीच्या मालकाचा मेव्हणा 'पहाट' पक्षाचा उमेदवार होता. हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण निवडणूक लागेपर्यंत तिच्या हातांशी त्याचा काही संबंध आला नव्हता.

सप्टेंबरात पहाटच्या नेत्याची सभा वाहिनीने थेट दाखवली. समोरच्या 'पाया' पक्षाबद्दल तो म्हणाला, "ही पिसाळलेली कुत्री आहेत. पिसाळलेल्या कुत्र्याचं आपल्याकडे काय करतात, ते मी सांगायला हवं का?" लोक हसले आणि मग ओरडायला लागले. बुरुलचे हात उठले, तेवढ्यात कानातल्या यंत्रातून संपादक तोक्तोसुनचा आवाज आला.

"बुरुल, कुत्रीबित्री नको. 'विरोधकांवर टीका केली' एवढंच दाखव."

तिने तेवढंच दाखवलं. कार्यक्रम संपल्यावर मात्र ती त्याच्या खोलीत गेली. वयाने मोठ्या तोक्तोसुनला ती 'बाइके', म्हणजे दादा, म्हणायची.

"बाइके, तो टीका करत नव्हता. मारा म्हणत होता."

"अगं, रूपक होतं ते! बोललेलं हवेत विरून जातं, तुझ्या हातांचं मात्र चित्र उरतं. उद्या कोणी तेवढंच कापून गावभर फिरवलं तर?" त्याने बोरसोकच्या तळलेल्या तुकड्यांची बशी तिच्यापुढे सरकवली. "खा. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

ती सभा कुबातने घरी बसून पाहिली होती. कुबात म्हणजे तिच्या वडिलांचा मित्र. बहिऱ्यांच्या कारखान्यात तो बूट शिवायचा. त्याच्याकडे पाया पक्षाची हिरवी टोपी होती. प्रचारवाल्यांनी फुकट दिलेली, आणि बरी बसत होती. रविवारी तीच घालून तो जनावरांच्या बाजारात मेंढी बघायला गेला. त्या दिवशी पायाच्या कट्टर माणसांनीसुद्धा टोप्या घरी ठेवल्या होत्या. सभेत काय बोललं गेलं ते त्यांनी कानांनी ऐकलं होतं.

बाजारात तिघांनी त्याला घेरलं. ते तोंडं पुढे काढून काहीतरी करत होते. भुंकत होते, हे त्याला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. ते थट्टा करताहेत असं वाटून तो हसला. त्यांना वाटलं, हा आपल्याला हसतोय. चाबकाच्या दांड्याने त्यांनी त्याच्या दोन बरगड्या मोडल्या आणि उजव्या हाताची बोटंही. ज्या हाताने तो शिवायचा आणि बोलायचा, तोच हात.

बुरुल दवाखान्यात गेली. बँडेजमधला हात पोटावर ठेवून तो डाव्या हाताने सावकाश, तोतरं बोलल्यासारखा बोलला.

"तू सांगितलंस, टीका केली."

"हो."

"टीका झाली म्हणून कोणी मारतं का? काय म्हणाला तो? खरं सांग, पोरी."

तिने खरं सांगितलं. कुत्रा दाखवला, तोंडाला आलेला फेस दाखवला, आणि पुढचं न बोललेलंही दाखवलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

चार दिवसांनी पायाची सभा झाली. कुबातचा सुजलेला चेहरा त्यांनी मोठ्या फलकावर लावला होता. त्याला विचारलंही नव्हतं. त्यांचा नेता छाती पिटत म्हणाला, "आमच्या मुक्या भावाला यांनी मारलं! हे पहाटवाले गोचीड आहेत, गोचीड! गोचीड नखाखाली चिरडायचे असतात!"

कानात तोक्तोसुनचा आवाज आला, "शब्द न शब्द दाखव! चेहऱ्यावर दिसू दे! चिरडायचं नीट कर."

त्याच रात्रीच्या बातम्यांत वाहिनीने 'द्वेषाची भाषा' म्हणून वेगळा भाग केला. दोन वकील आणि एक प्राध्यापक येऊन हळहळले. कुत्र्यांचं नाव कोणी काढलं नाही.

"बाइके, मागच्या वेळी रूपक होतं. हे काय आहे?" बुरुलने विचारलं.

"ही चिथावणी आहे."

"फरक काय?"

"फरक हा, की तुला पगार कुठून येतो." एवढं बोलून त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं. "माझी दोन पोरं बिश्केकला शिकताहेत, बुरुल. मला कशाला विचारतेस?"

मतदानाआधी दोन्ही नेते वाहिनीवर समोरासमोर बसले. दहाव्या मिनिटाला शिवीगाळ सुरू झाली. कुत्री, गोचीड, विकलेले आईबाप. बुरुलने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि दोघांचंही सगळं दाखवायला लागली. एकाचं जेवढं, तेवढंच दुसऱ्याचं. तिचे खांदे दुखायला लागले. पायाच्या नेत्याचं विषारी बोलणं हातांनी दाखवताना तिला वाटलं, हे हात धुवावेत. तरी ती थांबली नाही. शेवटी कॅमेऱ्यामागच्या माणसाने येऊन तिच्या खांद्याला हात लावला.

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला, "पुरे. तुमचा गोल त्यांनी केव्हाच काढून टाकला."

दुसऱ्या दिवसापासून तिला बोलावणं आलं नाही.

शनिवारी ती बहिऱ्यांच्या कारखान्यात गेली. चहा झाल्यावर त्यांनी तिला घेरलं. चर्चेत काय झालं? गोल का गेला? तिने सगळं पुन्हा सांगितलं, काही न गाळता. हे तरी आपण नीट केलं, असं तिला वाटत होतं.

मग आसान उठला. तो आणि कुबात एकाच यंत्रावर आळीपाळीने काम करत. आसानचा जावई पहाटचा प्रचार करायचा.

"बघा, गोचीड म्हणाले आम्हाला," आसानने हातांनी सांगितलं.

"आधी कुत्रा कोण म्हणालं?" कुबातने डाव्या हाताने विचारलं.

"ज्यांना लागू पडलं, त्यांनाच म्हणाले."

कुबातने मोडलेला हात वर धरला. "म्हणजे मला?"

आसानने बोट आणि अंगठा एकमेकांवर दाबून नखाखाली काहीतरी चिरडल्याची खूण केली, मग कुबातकडे बोट दाखवून कुत्र्याची खूण केली. बुरुलने नुकतीच जशी करून दाखवली होती, अगदी तशी. दोघातिघांनी त्याला आवरलं. एका कोपऱ्यात कोणी तरी हसत होतं.

बुरुल मधे पडली. तिने आसानला सांगितलं, की मी हे भांडायला नाही, सावध राहायला सांगितलं. कुबातनेच तिला बाजूला केलं. "तुझी चूक नाही. आता निदान कळतं तरी, कोणापासून लांब राहायचं ते."

निवडणुकीत पहाट जिंकली. बाजारातल्या त्या तिघांना कोणी पकडलं नाही. कुबातची बोटं वाकडीच जुळली. त्याच्या कित्येक खुणा आता परक्याला समजत नाहीत. बुरुल दवाखान्यात आणि कोर्टात बहिऱ्यांसाठी दुभाष्याचं काम करते आणि शनिवारी कारखान्यात जाऊन आठवड्याच्या बातम्या सांगते. बहुतेक जण समोर येऊन बसतात. ती हात उचलते, तेव्हा आसान आपलं स्टूल फिरवून तिच्याकडे पाठ करून बसतो.